मराठी फाँटांचे रूपांतर आणि ग्रामनामे : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच दशकात मराठी लेखन टंकलेखन यंत्राकडून संगणकाकडे वळू लागले होते. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध मुळीच नाही. तथापि या जिल्ह्याच्या कागदपत्रांचे बहुतेक आयुष्य एका लिपिविषयक स्थित्यंतरात गेले, ही गोष्ट त्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावयास हवी.

संगणकावरील आरंभीच्या मराठी फाँटांना फार तर २५६ जागा उपलब्ध असत, आणि त्यांपैकी पहिल्या निम्म्या जागांवर इंग्रजी वर्ण व चिन्हे अगोदरच बसलेली होती. फाँट घडविणारांनी याच जागांवर देवनागरीचे अवयव बसविले. कृतिदेव या फाँटमध्ये इंग्रजी लहान 'डी'च्या जागी क, 'एफ'च्या जागी ऱ्हस्व वेलांटी आणि 'के'च्या जागी काना आहे. ही मांडणी रेमिंग्टन यंत्राच्या कळफलकावरून आलेली. टंकलेखकांचा वर्षानुवर्षांचा हात तिच्यात वाया गेला नाही, हा तिचा मोठाच गुण होता. परंतु संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांची निरर्थक मालिका होती. वाक्यारंभीचे इंग्रजी अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय लेखनप्रणालीत चालू राहिली, की 'डी' मोठा होई आणि पूर्ण क चा अर्धा क् बने. श्रीलिपीसारख्या अन्य फाँटांची योजना निराळी असल्याने एका फाँटमधील लेखन दुसऱ्यात उघडले, की ते वाचता येत नसे. जतन होत होते ते अक्षराचे रूप. त्याची ओळख नव्हे.

वस्तुतः ओळख जतन करण्याचा मार्ग भारतात तेव्हाच सिद्ध झाला होता. 'इस्की' हा भारतीय लिप्यांचा संकेत १९९१ साली राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारला गेला, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. पुढे विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड फाँट आला. संगणकप्रणाली बदलत गेल्या आणि जुन्या दस्तऐवजांच्या रूपांतराचा प्रश्न उभा राहिला.

हे रूपांतर म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह ठेवणे एवढेच असते, तर तो प्रश्न किरकोळ ठरता. खरी अडचण क्रमाची आहे. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, तर युनिकोडमध्ये ती उच्चारक्रमाने व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलट आहे : जुन्या फाँटात तो अक्षर पुरे झाल्यावर डोक्यावर चढतो, युनिकोडमध्ये तो आधी असतो. क्रम न पालटता केवळ चिन्हे बदलली, तर वेलांटी मागील ड ला चिकटून 'गडचिरोली'चे 'गडिचरोली' होते आणि 'चामोर्शी'चे 'चामोशीर्'. 'ब्रह्मपुरी'तील ह्म सारखी जोडाक्षरे काही फाँटांत एकेका स्वतंत्र जागी होती. कोष्टकातून तेवढी एक जागा सुटली तरी नाव मोडते.

मराठीपुरती आणखी एक गुंतागुंत आहे. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यांतील र ची दोन रूपे केवळ लेखनशोभेची नाहीत. त्यांच्यामुळे अर्थ पालटतो. हिंदीचा विचार करून रचलेल्या कोष्टकाला दुसऱ्या रूपाचे अगत्य नसते, आणि स्वयंपाकी विनासायास गुरुपदाला पोचतो! शिवाय युनिकोडमध्येही हा र दोन प्रकारे लिहिता येतो. दिसावयास दोन्ही सारखे. शोधताना मात्र एकाने दुसरा सापडत नाही.

सर्वस्वी विस्कटलेला मजकूर त्या मानाने कमी घातक, कारण तो ताबडतोब लक्षात येतो. निसटतो तो अर्धवट दोष. सामान्य गद्यात वाचक संदर्भाने शब्द दुरुस्त करून घेतो. एटापल्ली, भामरागड किंवा धानोरा तालुक्यातील लहानशा पाड्याचे नाव गोंडी वा माडिया भाषेतून आलेले असेल, तर मराठी शब्दकोश त्याला उपयोगी पडत नाही. तेथे चुकीचे रूप हेच नवे नाव होऊन बसते, आणि नावाची व्युत्पत्ती शोधणारा भाषाभ्यासक रूपांतराने निर्माण केलेल्या शब्दाचे मूळ धुंडाळीत राहतो.

त्याहून गंभीर बाब हक्काची आहे. वनहक्क अधिनियम २००६ साली संमत झाला, त्याचे नियम २००८ मध्ये लागू झाले आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. या कायद्याखालील दाव्यात निस्तारपत्रकासारख्या जुन्या नोंदी पुरावा म्हणून चालतात. इतर पारंपरिक वननिवासींना तर डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो. अशा ठिकाणी जुन्या कागदावरील गाव आणि नव्या यादीतील गाव एकच आहे, हे अक्षरांवरूनच ठरते. म्हणून युनिकोडमधील प्रत तयार झाली तरी मूळ संचिका, तिचा फाँट आणि शक्य तेथे तिची छापील प्रत टाकून देता कामा नये. रूपांतराची परीक्षाही सोप्या परिच्छेदावर न घेता रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे असलेल्या ग्रामनामांच्या यादीवर घ्यावी. चामोर्शी, चिमूर, सिंदेवाही, ब्रह्मपुरी आणि सिरोंचा ही पाच नावे आरंभाला पुरेशी आहेत.