हिमस्तरांचा पुरावा व अमेरिकेंतील ओस शेतें

जुन्या लेखाची मिति ठरवितांना एकाच प्रतीवर विसंबूं नये, दुसरी मिळाल्यास पाठ ताडून पाहावा, हा दंडक आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. शेतीचा हवामानावरील परिणाम शोधितांनाहि तोच उपयोगी पडला, हें येथें दाखवावयाचें आहे.

इ. स. १४९२ मध्यें कोलंबस अमेरिकेस पोंचला. पुढें यूरोपांतून गेलेल्या देवी, गोंवर इत्यादि रोगांनीं, युद्धांनीं व जुलमानें तेथील मूळ रहिवाशांचा संहार झाला. १६०० पर्यंत सुमारें ५ कोटि ६० लक्ष माणसें नाहींशीं झालीं व जवळजवळ तितकेच हेक्टर जमीन ओस पडली, असा अंदाज लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २०१९ सालीं केला. मक्याच्या शेतांवर रान माजलें. रान जाळून शेत केलें म्हणजे लाकडांतील कर्ब हवेंत जातो. रान पुन्हा वाढलें म्हणजे तो परत सांठतो. तेव्हां उष्णता धरून ठेवणारा कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, घटावयास हवा.

ह्याचा पुरावा अंटार्क्टिकाच्या बर्फांत आहे. थरावर थर पडतांना त्यांत त्या त्या काळची हवा कोंडली जाते. लॉ डोम येथील थरांत १६१० च्या सुमारास हा वायु दशलक्षांत सुमारें १० भागांनीं झपाट्यानें उतरलेला दिसला. त्यावरून लुइस व मॅस्लिन ह्यांनीं २०१५ सालीं मानवयुगाच्या आरंभासाठीं १६१० हें एक वर्ष सुचविलें. परंतु २०२४ सालीं स्कायट्रेन येथील बर्फाचा पाठ प्रसिद्ध झाला. त्यांत तो तीव्र उतार नाहीं. १५१६ पासून १६७० पर्यंत घट हळूहळू होत गेली.

आमच्या मतें दुसरा पाठ ग्राह्य आहे. शेतें एका वर्षांत ओस पडत नाहींत व रानहि एका दशकांत पुरतें वाढत नाहीं. सगळी घट शेतांच्या पदरीं घालतां येत नाहीं, निसर्गाचाहि त्यांत वांटा आहे. मिति सोडावी लागली, तरी मूळ सिद्धान्त टिकतो.

ह्या घटीस लाभ मात्र कोणी म्हणूं नये. तें रान प्रेतांवर वाढलें. एवढ्या संहारानेंहि जो वायु दीड शतकांत जेमतेम घटला, तेवढा आज तीन-चार वर्षांत वाढतो. २०१९ सालीं मनुष्यकृत उष्णताधारक वायूंपैकीं सुमारें २२ टक्के शेती, वनें व इतर जमीनवापर ह्यांतून निघाले. नांगराची नोंद हवेंतहि राहते, हें इतिहाससंशोधकानें विसरूं नये.