उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातू उत्प्रेरक, अल्पखर्ची

पाच किंवा अधिक धातू जवळजवळ समप्रमाणात एकत्र करून बनवलेले आणि पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाला गती देणारे मिश्रधातू. प्लॅटिनम, इरिडियम व रुथेनियम या दुर्मिळ धातूंऐवजी यांत लोह, निकेल, कोबाल्ट, मँगॅनीज, क्रोमियम, तांबे, मॉलिब्डेनम इत्यादी वापरतात.

इतिहास व व्याख्या : पोलादात लोह, पितळेत तांबे असा नेहमीच्या मिश्रधातूत एक धातू प्रमुख असतो. २००३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. रंगनाथन यांनी ‘करंट सायन्स’मधील लेखात बहुधातू मिश्रणांकडे लक्ष वेधले. २००४ मध्ये तैवानमध्ये ज्येन-वेई ये व इंग्लंडमध्ये ब्रायन कँटर यांच्या गटांनी या विषयावर स्वतंत्रपणे संशोधन प्रसिद्ध केले. क्रोमियम, मँगॅनीज, लोह, कोबाल्ट व निकेल यांचा समप्रमाणातील मिश्रधातू कँटर यांच्या नावाने ओळखला जातो. रूढ व्याख्येनुसार प्रत्येक प्रमुख घटकाचे अणुप्रमाण ५ ते ३५ टक्के असते. पाच घटक समप्रमाणात असल्यास मिश्रणाची एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) वायुस्थिरांकाच्या सुमारे १.६१ पट भरते. तिच्यामुळे एकजिनसी घन विद्राव स्थिर राहण्यास मदत होते. मात्र केवळ एन्ट्रॉपी जास्त असल्याने एकच प्रावस्था मिळेल, अशी खात्री नसते.

कार्य : विच्छेदनात ऋणाग्रावर हायड्रोजन व धनाग्रावर ऑक्सिजन मुक्त होतो. २५° से. तापमानाला यासाठी तत्त्वतः किमान १.२३ व्होल्ट दाब लागतो. कारखान्यातील घटांत तो साधारण १.८ ते २ व्होल्ट असतो. ऑक्सिजनच्या अभिक्रियेत चार इलेक्ट्रॉनांचे स्थानांतर होत असल्याने ती अधिक मंद असते. चांगल्या उत्प्रेरकाने अभिक्रियेतील अणू व रेणू फार घट्टही धरू नयेत आणि फार सैलही सोडू नयेत. बहुधातू पृष्ठभागावर प्रत्येक अणूचे शेजारी वेगळे असल्याने बंधनशक्तीच्या अनेक छटा मिळतात आणि काही जागा योग्य बंधनाच्या जवळ येतात. धातूंचे प्रमाण बदलून या जागांचे गुणधर्म बदलता येतात. या उत्प्रेरकांचे खरे बळ यातच आहे.

धनाग्रावर मिश्रधातूचा पृष्ठभाग मूळ रूपात टिकत नाही. अल्कधर्मी द्रावात त्याचे निकेल-लोहयुक्त ऑक्सिहायड्रॉक्साइडात रूपांतर होते आणि प्रत्यक्ष उत्प्रेरण हा थरच करतो. क्रोमियम व मॉलिब्डेनम काही अंशी विरघळून पृष्ठभाग खडबडीत होतो. क्रोमियम षट्संयुजी रूपात द्रावात उतरल्यास ते विषारी असते, म्हणून त्याची विल्हेवाट काळजीपूर्वक लावावी लागते.

निर्मिती : विद्युत् प्रज्योतीत वितळवणे, गोळ्यांच्या गिरणीत दळणे, विद्युत् लेपन, तसेच मिश्रधातूतील ॲल्युमिनियम अल्कलीने विरघळवून सच्छिद्र रचना मिळवणे या पद्धती वापरतात. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कार्बनच्या आधारावर क्षणभर तीव्र उष्णता देऊन व ती झटकन काढून आठ धातूंचे अब्जांशी कण बनवले.

मर्यादा व मूल्यमापन : स्वस्त धातू अम्लात, विशेषतः धनाग्रावर, विरघळतात, म्हणून हे उत्प्रेरक मुख्यतः अल्कधर्मी घटांसाठी उपयुक्त ठरतात. कोबाल्टचे खनन मोठ्या प्रमाणात काँगो लोकशाही प्रजासत्ताकात एकवटले आहे, त्यामुळे खर्च व पुरवठा या दोन्ही दृष्टींनी कोबाल्टविरहित घडणी महत्त्वाच्या आहेत. प्रयोगशाळेत तुलना बहुधा दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर प्रवाहावर होते, तर उद्योगात शेकडो मिलिअँपिअर लागतात. चाचणीत प्लॅटिनमचे सहाय्यक अग्र वापरल्यास त्यातून सुटलेले प्लॅटिनम ऋणाग्रावर बसून स्वस्त उत्प्रेरकाला खोटे श्रेय मिळवून देऊ शकते. हे टाळण्यासाठी ग्रॅफाइटचे अग्र वापरतात. अल्कलीतील लोहाचा अंशही निकेलयुक्त धनाग्राची क्रियाशीलता वाढवतो. या दोन्ही बाबी तपासल्याशिवाय कोणताही दावा स्वीकारू नये.

भारताने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात २०३० पर्यंत वार्षिक ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट आहे. पाण्याच्या विच्छेदनाने होणाऱ्या अशा उत्पादनात विजेचा खर्च सर्वांत मोठा असतो. त्यामुळे धातूचा भाव कमी असणे पुरेसे नाही. औद्योगिक प्रवाहावर हजारो तास कमी विद्युत् दाबाने चालणारा उत्प्रेरकच खऱ्या अर्थाने अल्पखर्ची ठरतो.