जुन्या मोटारी आणि नवी पिढी

जुन्या वस्तूंविषयी तरुणांना आस्था नाही, ही वडीलधाऱ्यांची तक्रार मोटारींच्या बाबतीत तरी आम्हांस सर्वस्वी खरी वाटत नाही. इंग्लंडात १८९६ च्या नोव्हेंबरात वेगमर्यादा शिथिल झाली, त्या आनंदाप्रीत्यर्थ काही मोटारी लंडनहून ब्रायटनला निघाल्या. १९२७ साली ती प्रथा पुन्हा सुरू झाली. १९०५ पूर्वीच्या गाडीलाच तीत प्रवेश. सुमारे साठ मैलांच्या त्या वाटेत गाड्या अडतात, मालक बाह्या सरसावून खाली शिरतात, आणि पोरांचे कुतूहल जागते ते तिथेच. दिल्लीत 'स्टेट्समन' पत्राने १९६४ साली जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. एरवी मात्र आमच्याकडील प्रदर्शनांत गाडी बहुधा दोरीपलीकडे, आणि जवळ पाटी: हात लावू नये.

आम्हां कारकुनांची जुनी मोटार म्हणजे अँबॅसडर. मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली ही गाडी उत्तरपाड्यास २०१४ पर्यंत तयार होत होती. (साहेबांबरोबर तीत बसण्याचा योग आम्हांस दोनदा आला, दोन्ही वेळा पुढे, मांडीवर फायली!) २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील गाडीस स्वतंत्र नोंदणी दिली; मात्र मूळ रूप शाबूत हवे आणि नित्य वापर नको. म्हणजे शेवटच्या अँबॅसडरला हा मान २०६४ साली. तोवर ती भंगारवाल्यापासून राखायची कोणी?

गेल्या हिवाळ्यात एका वृद्ध मिस्त्रींनी आमच्या भाच्याकडून कार्ब्युरेटर उघडवून साफ करविला. हातांचा पेट्रोलचा वास दोन दिवस गेला नाही. पुढच्या रविवारी तो आमच्याआधी तयार होता.