धूळपाटीपासून छापील पुस्तकापर्यंत

कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, श्वेतांबर घरांत पोथ्या-पुस्तकांचे पूजन होते. दिगंबर समाजात हा मान ज्येष्ठातील श्रुतपंचमीस. ग्रंथाची आशातना होऊ नये, हा संस्कार बालपणीच होतो. परंतु दोनशे वर्षांपूर्वी याच मुंबईत शाळेतील मुलाच्या हाती छापील पुस्तक नव्हते, आणि शिक्षकाच्याही नव्हते.

पंतोजी धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. गुजराती शाळेस तर ‘धूळी निशाळ’ असेच म्हणत. पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दीडकी सारे मुखोद्गत. व्यापारी कुटुंबांना, त्यांत जैनही आले, एवढे पुरेसे वाटे. आणि त्यांचे अगदीच चुकत नव्हते. पेढीवर तोंडी हिशेबच कामास येई.

१८२२ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या अध्यक्षतेखाली शाळा व शालेय पुस्तके यांसाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली गेली. तिच्या समितीने चार उणिवा नोंदविल्या: पुस्तके नाहीत, अध्यापनाची सुलभ पद्धत नाही, योग्य शिक्षक नाहीत, पैसा नाही. पुस्तकांचा अभाव प्रथम नोंदविला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी ‘बाळमित्र’ व इसापच्या नीतिकथा मराठीत आणल्या, तर कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तके सिद्ध केली.

पुस्तके आली, तेव्हा खरी अडचण उघड झाली. ज्याने आयुष्यभर तोंडी शिकविले, त्याने छापील पान उघडून काय करावे? नव्या पद्धतीत तयार केलेले शिक्षक मुंबईहून जिल्ह्यांत पाठविले गेले, पण गरजेच्या मानाने ते थोडेच होते. १८४५ मध्ये शिक्षक घडविण्यासाठी नॉर्मल क्लास निघाला आणि त्याची धुरा ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. शास्त्रीबोवांनी स्वतः व्याकरण, इतिहास व गणित या विषयांवर पुस्तके लिहिली होती. यापेक्षा योग्य माणूस मिळणे कठीण होते. दुर्दैवाने मे १८४६ मध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागून एल्फिन्स्टन संस्थेतील तरुण पुढे आले. १८४८ साली त्यांनी सभा स्थापिली, तिच्या मराठी व गुजराती शाखा काढल्या आणि दोन्ही भाषांत ज्ञानविषयक निबंध वाचले. पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा उघडल्या. गिरगावातील शाळेस जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. शिकविणाऱ्या तरुणांत दादाभाई नौरोजी होते. वेतन कोणी घेत नसे.