सर्जनला तारे कोण देतं?

हर्निया असो की गुडघा, ऑपरेशन ठरलं की घरातलं कुणीतरी आधी मोबाईल उघडतं आणि सर्जनला किती तारे मिळालेत ते बघतं. तिथले अभिप्राय साधारण ठरलेले असतात: डॉक्टरांनी नीट समजावलं, फार वेळ बसवून ठेवलं, टाक्यांची खूणही दिसत नाही. आतला टाका कसा घातला हे कुणी लिहीत नाही. पेशंटला ते कळणार तरी कसं?

हे असं तोलणं मोबाईलच्या फार आधीचं आहे. त्याचा एक साक्षीदार जबलपूरचा. ठगांचा बंदोबस्त करणारा विल्यम स्लीमन तिथे अधिकारी होता. नोव्हेंबर १८३५ मध्ये तो जबलपूरहून हिमालयाकडे निघाला. त्या प्रवासाचं पुस्तक १८४४ मध्ये छापलं गेलं. त्यात त्याने लोकांचं मत टिपलंय. औषध देणारे गोरे डॉक्टर त्यांना नकोत, सर्जन मात्र हवेत. दिसेल तो साहेब थोडाफार सर्जन असणारच, अशा आशेने आईबाप व्यंग असलेली लेकरं कडेवर घेऊन त्याच्याभोवती जमत. आणि खरोखरीचा सर्जन भेटलाच तरी तो वाटसरू. त्याच्याजवळ ना वेळ, ना साधनं. मंडळी रिकाम्या हातांनी परतत.

स्लीमनला त्यांचं दुःख दिसलं, हे मान्यच करायला हवं. पण शस्त्रक्रियेत हे लोक अगदी असहाय आहेत, हा त्याचा निष्कर्ष जरा साहेबी आहे. अभिप्राय लोकांचा असला तरी लेखणी राज्यकर्त्याची होती.

कारण त्याच्या चाळीसेक वर्षं आधी पुण्याजवळ काय घडलं होतं पाहा. कावसजी नावाचा एक मराठा बैलवाला इंग्रजांच्या फौजेत होता. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक लावलं. आधी मेणाचा साचा करून मापं घ्यायची, तेवढी कातडी कपाळावरून सोडवायची, भुवयांमधला एक पट्टा जोडलेलाच ठेवून ती खाली वळवायची, आणि कात लावून चिकटवायची. साधारण २५ दिवसांनी तो पट्टा कापायचा. मुंबईच्या इंग्रज सर्जनांनी हे पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह वृत्तान्त आला. तो वाचून कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तसंच नाक बसवलं.

नाक घट्ट बसलंय आणि जवळजवळ मूळच्यासारखं दिसतंय, असं वृत्तान्तात आहे. पण कावसजी स्वतः काय म्हणाला? एक शब्दही नाही. जेम्स वेल्सने त्याचं चित्र काढलं, तेवढाच त्याचा अभिप्राय समजायचा. पेशंटचं नाव आपल्याला माहीत, चित्रकाराचं माहीत. ज्याने नाक लावलं त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही! आणि ज्यांचं नवं नाक धरलं नसेल, त्यांची चित्रं कोण काढणार होतं? आजही ऑपरेशनच्या टेबलावरून जो उठलाच नाही, तो तारे देत नाही.

स्लीमनने पाहिलेल्या त्या आईबापांकडे मला म्हणूनच पुन्हा वळावंसं वाटतं. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झालीच नाही, म्हणजे समाधान-असमाधानाच्या हिशोबात ते धरलेच जाणार नाहीत. त्यांची तक्रार हाताच्या कौशल्याबद्दल नव्हती. थांबणारा डॉक्टर त्यांना हवा होता.

तसा एक जबलपूरला पुढे मिळाला, तोही सर्जन नव्हे, स्लीमनच्या मते लोकांना नको असलेला औषधवाला. लष्करातून आलेले डॉ. एम. सी. डावर १९७२ मध्ये जबलपुरात दोन रुपये फी घेऊन बसले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा फी वीस रुपये होती.