तबकडी, कान आणि संगणक

जॅझमधला वादक साथीच्या चौकटीवर आयत्या वेळी जे सुचेल ते वाजवतो, त्याला 'सोलो' म्हणतात. आपल्या आलाप-तानांप्रमाणे तो आधी कागदावर नसतो. मागाहून कोणीतरी कान देऊन तो लिहून काढावा लागतो.

१९२७ साली शिकागोच्या मेलरोज या प्रकाशकांनी लुई आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटवादनाची दोन पुस्तके काढली. आर्मस्ट्राँगने मेणाच्या सिलिंडरांवर वाजवून दिले आणि एल्मर शोबेल याने ऐकून लिहिले. पुस्तके राहिली, सिलिंडर हरवले. मूळ आवाज गेला. शोबेलच्या कानाने पकडले तेवढेच उरले! त्याने एखादी घसीट गाळली असेल, एखादा आडवा ठेका सरळ केला असेल. ताडून पाहायला आता काही नाही.

पुढच्यांच्या हाती तबकड्या होत्या. चार्ली पार्करने १९३७च्या उन्हाळ्यात लेस्टर यंगचे सोलो तबकड्यांवरूनच घोकले. सुई उचलायची, अंदाजाने मागे टेकवायची, पुन्हा ऐकायचे. मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी १६ वर लावली की चाल निम्मी होई. पण स्वरही एक सप्तक खाली उतरत आणि ट्रंपेट म्हशीसारखा हंबरू लागे.

इथे गोव्याची आठवण होतेच. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला-लिहायला शिकवीत. त्या भांडवलावर अनेक गोवेकर वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ तिथे 'चिक चॉकलेट' झाला. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांकडे त्याने साहाय्यक म्हणून काम केले, 'अलबेला'त (१९५१) तो पडद्यावरही आला. संगीतकार गुणगुणत आणि ही मंडळी झरझर स्वर मांडून वादकांपुढे कागद ठेवीत. श्रेयनामावलीत मात्र त्यांतल्या फार थोड्यांना जागा मिळाली.

स्वर न उतरता चाल कमी करण्याची युक्ती १९६६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी मांडली. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकात कोणती कंपने आहेत ते मोजायचे आणि ती ताणून पुन्हा जोडायची. घरगुती संगणकात तेवढे बळ यायला १९९०चे दशक सरत आले. आता माझ्या टेबलावरचा संगणक हे सहज करतो. आर्मस्ट्राँगच्या 'वेस्ट एंड ब्लूज'ची (१९२८) सुरुवात, साथीशिवाय वाजवलेली ती जेमतेम बारा-तेरा सेकंदे, मी निम्म्या चालीने किती वेळा ऐकली असतील! घाईत एकच वाटणारा स्वर दोन निघतो. मात्र फार ताणले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि वादकाचा दम कुठे संपला ते कळेनासे होते. म्हणून शेवटची पडताळणी मी मूळ चालीतच करतो.

जर्मनीतल्या वायमारच्या संगीत विद्यापीठात संशोधकांनी ४५६ सोलो असेच उतरवून काढले. संगणक दिमतीला असूनही स्वर ठरवले ते माणसांनी, ऐकून. मला याचे नवल वाटले नाही. यंत्र कंपने मोजते. वादकाला कोणता स्वर म्हणायचा होता आणि कोणता ओझरता लागून गेला, हा निवाडा कानाचा.

सध्या 'अलबेला'तल्या गाण्यांमधली ट्रंपेटची वाक्ये उतरवायला घेतली आहेत. जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर आहे, गाणारे गळे मध्ये येतात. एकेका ओळीला दोन-दोन संध्याकाळी जातात.