वेल्सच्या मुष्टियोद्ध्यांतील खरा कसबी कोण?

आपल्याकडे तालमीच्या ओट्यावर जुने पैलवान जमले म्हणजे एक वाद हमखास निघतो: ताकदीचा कोण, हा नव्हे, तर डावाचा कोण. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स म्हणून जो डोंगराळ मुलूख आहे, तेथे हाच वाद मुष्टियुद्धाच्या बाबतीत शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मला त्याची गोडी लागली ती खेळामुळे नव्हे. वेल्सच्या खाणकामगारांच्या चळवळीचा इतिहास वाचताना ही माणसे पानोपानी भेटू लागली. एका लहानशा मुलखाने इतके कसबी ठोसेबाज दिले याचे कारण त्यांच्या रक्तात शोधण्यापेक्षा त्यांच्या रोजगारात शोधावे, असे मला वाटते. खाणीत दिवसभर राबून आलेल्या पोराला जत्रेतल्या तंबूत चार फेऱ्या टिकून उभे राहिल्यास थोडीशी बिदागी मिळे. ती मिळवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावरही जायचे, तर ठोसा चुकवण्याची विद्या अंगी असावीच लागते.

या वादात पहिले नाव निघते जिम ड्रिस्कॉल याचे. जन्म १८८०, कार्डिफ बंदरातील आयरिश मजुरांच्या वस्तीत. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर अपघातात गेला. पोरगा एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात उमेदवारीस लागला आणि तेथे रद्दी कागद हाताला गुंडाळून ठोसे मारायला शिकला, असे सांगतात. त्याचे सारे शास्त्र एका डाव्या सरळ ठोशात होते. पाठ ताठ, डावा हात पुढे, आणि प्रतिस्पर्धी जवळ येण्याच्या आधीच त्याच्या तोंडावर मूठ पोहोचलेली. १९०९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला जगज्जेता एब अटेल याच्याशी त्याने दहा फेऱ्या दिल्या. तेथे त्या काळी पंचांनी गुणांवर निकाल देण्याची सोय नव्हती. प्रतिस्पर्ध्याला आडवे पाडले तरच पदवी, नाहीतर ती ज्याची त्याच्याकडे. सामना पाहिलेल्या बातमीदारांनी ड्रिस्कॉल सरस ठरल्याचे लिहिले, पण पदवी अटेलकडेच राहिली. परतीच्या सामन्यासाठी थांबावे म्हणून त्याला गळ घालण्यात आली. परंतु कार्डिफच्या एका अनाथालयाच्या मदतीसाठी खेळण्याचा शब्द त्याने दिलेला होता, म्हणून तो तसाच बोटीवर चढला. काम अव्वल दर्जाचे आणि दाखला मात्र नाही, ही गोष्ट आमच्या कामगारांना नवी नाही.

१९१० साली या वादाला तोंड फुटले. ऱ्हाँडा खोऱ्यात एका खाणीत कोळशाचा नवा थर उघडला होता. त्याचा उक्ता दर ठरवण्यासाठी सत्तर माणसे कामाला लावली गेली. मालक म्हणाले, हे मुद्दाम हळू काम करतात. कामगार म्हणाले, थरात दगडाचा पट्टा आहे, तो फोडल्यावाचून कोळसा निघत नाही. सप्टेंबरात मालकांनी सत्तरच नव्हे, तर खाणीतील सुमारे साडेनऊशे कामगारांना टाळे लावून बाहेर काढले. पुढे हजारो माणसे संपावर गेली आणि नोव्हेंबरात टोनिपँडी येथे पोलिसांशी चकमकी झाल्या. संप १९११ च्या उन्हाळ्यात हरला. मूळ तंटा काय, तर कसब किती आणि अडचण किती हे कोणी मोजायचे? ज्याने हातात कुदळ धरली त्याने, की ज्याने वही धरली त्याने?

संप चालू असतानाच, २० डिसेंबर १९१० रोजी, कार्डिफला ड्रिस्कॉल आणि पाँटिप्रिडचा फ्रेडी वेल्श समोरासमोर आले. वेल्श हा अमेरिकेत तयार झालेला. चिकटून लढायचे, बगलेतून मारायचे, अडवून बेजार करायचे, ही त्याची तऱ्हा. लोक कलेचा उत्सव पाहायला आले होते. दिसली ती ओढाताण. दहाव्या फेरीत ड्रिस्कॉलचा संयम सुटला, त्याने डोक्याने धडक दिली आणि पंचांनी त्याला बाद केले. मागाहून दोघांचे साथीदारच एकमेकांवर तुटून पडले. वेल्शने पुढे १९१४ साली लंडनला वीस फेऱ्यांत विली रिची याला हरवून हलक्या वजनाची जगज्जेतेपदाची पदवी घेतली. तेव्हा त्याला नुसता आडमुठा म्हणता येणार नाही. समोरच्याला त्याची कला दाखवूच न देणे हीही एक कला आहे, फक्त ती पाहायला कोणी पैसे खर्चू नयेत!

जिमी वाइल्डविषयी थोडक्यात सांगतो. टायलर्सटाउनचा हा खाणकामगार, वजन जेमतेम सात स्टोन, पाहणाऱ्याला वाटावे याला आधी जेवू घाला. १९१६ साली तो सर्वांत हलक्या गटाचा जगज्जेता झाला आणि १९२३ साली फिलिपिनो पांचो व्हिया याच्याकडून हरेपर्यंत राहिला. पण त्याच्या ठोशातील जोर हा एक चमत्कारच होता, आणि चमत्काराला कसब म्हणता येत नाही. आपल्या काळातला ज्यो कॅलझागी ४६ लढतींत अजिंक्य राहून २००९ साली निवृत्त झाला. त्याचा वेग आणि कल्पकता कबूल, पण ठोसे पुष्कळदा उघड्या पंजाचे. जुनी मंडळी नाक मुरडतात, आणि या एका बाबतीत मी जुन्यांच्या बाजूचा आहे.

आता हॉवर्ड विन्स्टन. मर्थरचा, जन्म १९३९. तरुणपणी खेळण्यांच्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोके गेली. त्या हाताची मूठ मग पहिल्यासारखी वळेना. तेव्हा त्याने सारा भार डाव्या हातावर घेतला, आणि त्या डाव्याला असे शिकवले की १९५८ साली कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि १९६३ साली युरोपचे विजेतेपद त्याच्याकडे आले. काही लेखक सहज लिहून जातात की अपघाताने त्याला कलावंत बनवले. मला या वाक्याचा संताप येतो. प्रेसवर बोटे गमावलेली माणसे मी आमच्या औद्योगिक वसाहतींत नेहमी पाहतो. त्यांच्यापैकी बहुतेकांना अपघाताने बनवले ते बेकार. विन्स्टनला कलावंत बनवले ते त्याच्या सरावाने आणि एडी टॉमस या त्याच्या गुरूने. टॉमस स्वतः कोळशाच्या खाणीत काम केलेला, ब्रिटनचा माजी विजेता. १९६६ साली ॲबरफॅनला खाणीच्या राडारोड्याचा ढिगारा शाळेवर घसरून ११६ मुले आणि २८ मोठी माणसे दगावली, तेव्हा तो तेथे उकरायला धावला होता.

तर मत कोणाला? ड्रिस्कॉलचा डावा हात अधिक देखणा होता, हे मानलेच पाहिजे. जे येणार होते त्यांनी त्याच्याकडूनच शिकायचे होते. तरी माझे मत विन्स्टनला. ड्रिस्कॉलच्या डाव्या ठोशामागे धडधाकट उजवा हात वाट पाहत असे आणि समोरच्याला त्याचा धाक असे. विन्स्टनच्या प्रतिस्पर्ध्यांना पक्के ठाऊक होते की धोका मुख्यतः एकाच बाजूने आहे. आणि तरीही तो ठोसा त्यांना लागतच राही. थरात दगड असताना काढलेला कोळसा मोजताना दगडही हिशेबात धरा, एवढेच त्या सत्तर माणसांचे म्हणणे होते. मी ते येथे लावतो.

मेक्सिकोचा व्हिसेंते साल्दिव्हार याच्याशी जगज्जेतेपदासाठी विन्स्टन तीनदा लढला आणि तिन्ही वेळा हरला. १९६७ च्या जूनमध्ये कार्डिफला तर निकाल इतका निसटता लागला की वेल्समध्ये अनेकांनी तो कधी मानलाच नाही. साल्दिव्हार निवृत्त झाल्यावर २३ जानेवारी १९६८ रोजी लंडनला जपानच्या मित्सुनोरी सेकीविरुद्ध लढत नवव्या फेरीत थांबवण्यात आली आणि पदवी अखेर मर्थरला गेली. सहा महिन्यांनी, जुलैमध्ये, पोर्थकॉल येथे होसे लेग्राने ती हिरावून घेतली.